पंचवीस टनांची चिठ्ठी

३ नोव्हें., सोम.

आली एकदाची पुण्याची मॅडम. साने आडनाव. वय अठ्ठावीस-तीस. पांढरी गाडी, दोन पेट्या, लॅपटॉप, डोक्यावर हेल्मेट. आमच्या पुलाखाली हेल्मेट! तिथं डोक्यावर पडलंच तर पारव्याची घाण पडते.

उपअभियंता साहेब म्हणाले, "गभणे, काम संपेपर्यंत मॅडमसोबत राहा. काय लागेल ते पाहा." म्हणजे खात्यात एकोणतीस वर्षं घासून आता मी शिडी धरणारा.

"काका, शिडी धरता का जरा?" धरली.

गर्डरचा तळ पॉलिश पेपरनं घासते, पुसते आणि नखाएवढ्या पट्ट्या चिकटवते. त्यांच्या वायरी एका डब्यात. वरून गाडी गेली की गर्डर केसभर वाकतो, पट्टी ताणली जाते, डबा ते टिपून ठेवतो. कोणती गाडी किती टनाची, हे म्हणे आता पूलच सांगणार.

दुसऱ्या गाळ्यातल्या गर्डरला भेग आहे हे मी तीन वेळा लेखी कळवलं. तिन्ही वेळा फाइलला लागलं. आता नखाएवढ्या पट्टीला सगळे विचारून राहिले.

४ नोव्हें., मंगळ.

अजून पट्ट्या. उतरत्या उन्हात मान वर करून करून मानेचा खुळखुळा झाला.

भेगेच्या टोकांना मी पेन्सिलीनं रेघ मारून तारखा टाकल्या आहेत. तिला दिसल्या. "हे कुणाचं?" माझं म्हटलं. फोटो काढला. बस. एक शब्द नाही.

जाताना विचारलं, "या रस्त्यावर दिवसाला जड गाड्या किती?" मे महिन्यातल्या मोजणीचा तक्ता दिला. सात दिवसांचा, रेघा मारलेला, बेरजा केलेला.

"हे तुम्ही स्वतः बसून मोजलंत?"

"हो."

१० नोव्हें., सोम.

आजचा दिवस विसरणार नाही.

साहेबांच्या केबिनमध्ये बसलो होतो. साहेब, मी, बडे बाबू, चहा घेऊन आलेला शिपाई. मॅ.नं लॅपटॉप फिरवला. "सर, पाच दिवसांत जड गाड्या रोज साधारण दुप्पट दिसतायत. काकांच्या तक्त्याशी अजिबात जुळत नाही." मग तक्त्यावर बोट ठेवून, "आणि बघा ना, बुधवार आणि शुक्रवार, दोन्ही दिवशी तासातासाचे आकडे सारखे आहेत. असं होत नसतं."

साहेब हसले. बाबू हसला. शिपाईसुद्धा हसला.

खरं लिहितो, ही वही माझीच आहे. सातपैकी दोन दिवस बसलो होतो पुलाजवळ. बाकीचे ऑफिसात भरले. सगळेच भरतात. त्रेचाळीस डिग्रीत रस्त्याच्या कडेला बसून रेघा मारून दाखवाव्यात तिनं. पण मला बाजूला घेऊन बोलता आलं असतं. तेवढी जाण असती तर.

घरी कुंदानं विचारलं, जेवत काहून नाही? म्हटलं, भूक नाही.

११ नोव्हें., मंगळ.

आज बाबूनं हाक मारली, "काय गभणे, आज बुधवार का शुक्रवार?"

१३ नोव्हें., गुरु.

मॅ. म्हणते पट्ट्यांना अजून टन कळत नाहीत. फक्त ताण कळतो. म्हणून वजन माहीत असलेला एक दहाचाकी ट्रक आणायचा, काट्यावर मोजून. तो पुलावरून वीस-बावीस वेळा न्यायचा, हळू, जोरात, डावीकडून, उजवीकडून. "तुम्ही गाडीची सोय कराल का? आणि काटा पण तुम्हीच करून आणा. तीन चिठ्ठ्या हव्यात. फक्त पुढची चाकं, फक्त मागची, आणि पूर्ण गाडी. मला तेवढ्यात इथं बाकीचे डबे लावायचेत."

करतो म्हटलं. पुरुषोत्तमला फोन केला. बिसेन पुरुषोत्तम, तुमसरच्या शाळेत एका बाकावर होतो. दोन टिप्पर आहेत त्याचे, गिट्टी वाहतो, एक स्वतः चालवतो. रविवारी येतो म्हणाला.

१६ नोव्हें., रवि.

सकाळी सातला काट्यावर. पुरुची गाडी, गिट्टी भरलेली. पूर्ण गाडी पंचवीस टन, दीडशे किलो कमी. तिन्ही चिठ्ठ्या खिशात घातल्या.

येताना मोडावर आपल्याच खात्याच्या गिट्टीचा ढीग आहे. लोडर उभा होता, ऑपरेटर बसून बिडी ओढत होता. डोक्यात काय आलं कोणास ठाऊक. नाही, ठाऊक आहे. म्हटलं, "पुरु, थांबव. तीन बकेट टाकून घे अजून."

"काहून बे? काटा तं झाला."

"म्हणूनच. पाहू तिची मशीन कितीक हुशार हाये. चिठ्ठी पंचवीसची, गाडी तीसची. पकडते का पाहू."

पुरु स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. "तू बी ना गभण्या, शाळेतल्यासारखाच राह्यला."

टाकल्या. पाच टन असेल, थोडं कमी-जास्त. ताडपत्री ओढून घेतली.

पुलावर मी लाल झेंडी घेऊन दोन्हीकडची वाहतूक थांबवत होतो. एका फेरीला दोन मिनिटं. धानाचे ट्रक, मोटारसायकली, लग्नाची बस, सगळे शिव्या घालत होते. मला, तिला नाही. पुरु बावीस फेऱ्या गेला. मी मॅ.च्या तोंडाकडे पाहत होतो. आता कपाळाला आठी पडेल, आता म्हणेल काहीतरी चुकतंय. मग मी साहेबांसमोर सांगणार होतो की मॅडम, तुमच्या यंत्राला पाच टन दिसले नाहीत का?

काही नाही. चिठ्ठ्या घेतल्या, आकडे टाइप केले. "छान. थँक्यू काका." पुरुला आणि मला चहा पाजला.

म्हणजे पकडलं नाही. जिंकलो मी. मग मजा काहून नाही आली?

१८ नोव्हें., मंगळ.

मॅ.चा फोन. लॉजवर बसून आकडे पाहून राहिली. "काका, मागच्या चाकांचा जोर चिठ्ठीपेक्षा जास्त दिसतोय. पुढच्या-मागच्याचं प्रमाण बसत नाही. गाडीत वाटेत काही चढवलं-उतरवलं नव्हतं ना?"

सांगता आलं असतं. हसत हसत सांगता आलं असतं, मॅडम, परीक्षा घेत होतो तुमची म्हणून.

"नाही मॅडम."

"नक्की?"

"तुमचा भरवसा नसेल तं दुसरी गाडी आणा."

"तसं नाही हो. मग उन्हामुळे असेल. दुपारी गर्डर तापतो."

ठेवला फोन. माझा आवाज चढला होता. कुंदा आतून पाहत होती.

२४ नोव्हें., सोम.

धान निघून राहिलं. रस्त्यावर तुमसरच्या गिरण्यांकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. चिखल्याच्या खाणीकडून मॅंगनीजचे येतात ते वेगळेच. मॅ. पुलाच्या कडेला छत्री लावून बसली होती. स्क्रीनवर गाडी येते, तिच्यापुढं आकडा उमटतो. बावीस. एकोणीस. चोवीस. मी मागं उभा राहून पाहिलं. सगळे आकडे कसे गुणी बाळासारखे.

मनात म्हटलं, धानाचा ट्रक आणि चोवीस? याच्यात तर वरपर्यंत पोती.

२७ नोव्हें., गुरु.

आज कळलं. उशिरा कळलं.

पुरुचा दुसरा टिप्पर येत होता. त्यानंच सकाळी फोनवर सांगितलं होतं, काटा करून निघालो, एकतीस भरली. गाडी पुलावर चढली. स्क्रीनवर सव्वीसच्या खाली आकडा.

मी विचारलं, "मॅडम, हे कसं काढते मशीन?"

तिनं मान वळवली. पहिल्यांदा मी काही विचारलं म्हणून असेल, सगळं नीट सांगितलं. "यंत्राला स्वतःचं काही माहीत नसतं काका. त्या रविवारी पंचवीस टनाच्या गाडीनं गर्डर जेवढा वाकला, तेवढं वाकणं म्हणजे पंचवीस टन. बाकी सगळ्या गाड्या त्याच मापानं."

"अन् ते माप चुकलं असलं तं?"

"तर प्रत्येक गाडी चुकणार. म्हणून तर काटा लागतो."

म्हणजे मी तिची परीक्षा घेत होतो आणि ती माझ्या चिठ्ठीवर शिकून राहिली होती. तीस टनाला ते यंत्र पंचवीस म्हणतं. सहा टन गेले की पाचच सांगतं. त्या दिवसापासून इथून गेलेल्या एकूण एक गाडीचं.

तिथून निघालो. ऑफिसला नाही गेलो, घरीही नाही. तळ्याच्या पाळीवर बसलो. एका बाईनं विचारलं, कोणाची वाट पाहून राह्यले भाऊ? कोणाची नाही म्हटलं.

३ डिसें., बुध.

रिपोर्ट झाला. साहेब खूश. मोठ्यानं वाचून दाखवला, बाबूलाही बोलावलं. बहुतेक गाड्या मर्यादेत. पुलावर जड वाहतूक बंद करण्याचं कारण दिसत नाही. भेगेची दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या कामांत घ्यावी.

"गभणे, तुम्ही उगीच तीन वर्षं बोंबलत होते. पाहा, यंत्रच म्हणते काही नाही."

मी म्हणजे मीच. जड गाड्या बंद करा म्हणून तीन पत्रं लिहिणारा मी आणि त्या तीन पत्रांवर माती टाकणाराही मी. गिट्टीच टाकली म्हणा.

मॅ. समोर बसली होती. म्हणाली, "भेगेवर लक्ष ठेवायला हवं सर, हे मी वेगळं लिहिलंय." साहेबांनी मान हलवली, पान उलटलं. रिपोर्ट आज भंडाऱ्याला गेला.

४ डिसें., गुरु.

एकटाच पुलाखाली गेलो. भेगेवर जूनमध्ये काचेची पट्टी बसवली होती सिमेंटनं. आमच्या जुन्या साहेबांची रीत. भेग हलली की काच तडकते. तडकली आहे. पेन्सिलीची शेवटची रेघ ऑगस्टची, भेग तिच्या चार बोटं पुढं गेली.

वरून गाडी गेली. धूळ पडली डोळ्यात. दुसरी गेली. मी तिथं उभा राहून नऊ गाड्या मोजल्या. या खऱ्या मोजल्या.

५ डिसें., शुक्र.

पुरुकडे गेलो. अंगणात टायर बदलत होता. सांगितलं सगळं. म्हटलं, मॅडमला सांगावं लागते.

पान्हा खाली ठेवला त्यानं. "माझं नाव?"

"गाडी तुझी होती."

"तूच म्हणला ना टाक म्हणून? मी म्हणलो होतो काहून बे. म्हणलो होतो का नाही?"

"म्हणला होता."

"मंग आता मले कायले गोवून राह्यला? तो पूल बंद झाला तं फेरा किती पडते, मालूम हाये? दोन्ही गाड्या उभ्या राह्यतीन माह्या. तुमसर रोडवर माल टाकाले मी काय आकाशातून जाऊ?"

"पूल पडला तं?"

"आमच्या आज्यापासून उभा हाये तो पूल!" खोटं. आमच्या डोळ्यांसमोर बांधला, शाळेतून पाहायला गेलो होतो आम्ही दोघं. तो पण विसरला नसेल. "घे नाव. घेऊन पाह्य. मी सांगतो, एक दगड बी टाकला नाही वरून. गभण्याच्या तक्त्याची फजिती झाली म्हणून मॅडमच्या अंगावर उलटला, असं सांगतो. कोणाचं खरं मानतीन?"

त्याची बायको पाणी घेऊन बाहेर आली. तो म्हणाला, "ने आत. नाही पेत तो."

चाळीस वर्षांत त्याच्या घरून असा निघालो नव्हतो.

७ डिसें., रवि.

कुंदाला सांगितलं. भाजी निवडत होती. ऐकून घेतलं सगळं, हात थांबला नाही.

"अजून कोणाले मालूम हाये?"

"पुरुषोत्तमले."

"मंग चूप बसा. तीन वर्ष राह्यले तुमचे. चौकशी लागली, पेन्शन अडकली, तं ते मॅडम येणार हाये का आपलं पाहाले?"

म्हटलं, तू रोज त्याच पुलावरून अंगणवाडीला जाते. बस त्याच्यावरूनच जाते.

तेव्हा तिनं ताट बाजूला सारलं. एवढी चिडलेली मी तिला क्वचितच पाहिली. "ते मले मालूम होतं का? आता सांगतलं तुमी. मले कायले सांगतलं? आतापावतर मी खिडकीजवळ बसून झोपा काढत जात होती. आता पूल आला का जीव मुठीत. तुमच्या पोटातलं ओझं हलकं करासाठी मले देऊन टाकलं तुमी."



संध्याकाळी जेवण वाढलं, ताट जरा जोरात ठेवलं.

८ डिसें., सोम.

कुंदा आज बसनं गेली नाही. शेजारच्या बाईसोबत शेतांमधल्या पांदणीच्या रस्त्यानं, पायी. दीड तास लागतो. मला म्हणाली नाही. शेजारच्या बाईच्या सासऱ्यानं सांगितलं.

१० डिसें., बुध.

मॅ. डबे काढायला आली. पट्ट्या राहू देणार, डबे नेणार. मी शिडी धरून उभा. वर ती, हातात स्क्रू ड्रायव्हर. तिला खाली येऊ द्यायचं ठरवलं होतं. पण ती खाली आली असती तर माझ्याच्यानं झालं नसतं.

"मॅडम, त्या रविवारी काटा झाल्यावर गाडीत तीन बकेट गिट्टी टाकली होती."

स्क्रू ड्रायव्हर थांबला.

"किती?"

"पाच टन. थोडं कमी-जास्त."

ती उतरली. एक एक पायरी. हेल्मेट काढलं. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"दोनदा विचारलं होतं. तुम्ही मला दुसरी गाडी आणा म्हणालात." स्क्रू ड्रायव्हर पेटीत टाकला. मग, "का?"

सांगितलं. साहेबांची केबिन, बुधवार, शुक्रवार, शिपायाचं हसणं. सांगताना माझं मलाच ते एवढंसं वाटायला लागलं.

"त्यासाठी?" ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी म्हटलं की तुमचे आकडे खोटे आहेत. ते खोटे होते. म्हणून तुम्ही मला अजून एक खोटा आकडा दिलात. आणि त्याच्याखाली माझी सही आहे."

"तुम्ही चारचौघांत..."

"हो, चारचौघांत बोलले. चुकलं माझं. काट्यावर मी स्वतः गेले नाही, तेही माझं चुकलं. बाकीचं सगळं तुमचं. इथून उद्या एखादी बस खाली गेली असती, तर माझं नाव आलं असतं काका, तुमचं कुणी विचारलंही नसतं."

खरं आहे. राग आला तरी खरं आहे.

"लेखी द्या. आत्ता."

तिच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. वेळ, जागा, किती बकेट, लोडर कुठं उभा होता. तिनं वाचलं. म्हणाली गाडीवाल्याचं नाव घाला. मी थांबलो. ती पेन हातात घेऊन उभीच. घातलं.

मग शिडीवर चढली आणि काढलेले डबे परत लावायला लागली. मी शिडीला हात लावला तर म्हणाली, "नको. ड्रायव्हर धरेल."

११ डिसें., गुरु.

साहेबांनी कागद वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"गभणे, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? रिपोर्ट वर गेला. वरून बरं आहे म्हणून शेरा आला. वाहतूकवाल्यांना मी शब्द दिला. आता तुम्ही म्हणता वजन चुकलं?"

मॅ. म्हणाली, "सर, परत एकदा गाडी मोजून चालवू द्या. एक दिवस लागेल. तोपर्यंत जड गाड्या थांबवा."

"धानाच्या दिवसांत? माझ्या दारात रांग लागेल लोकांची. आणि कशाच्या भरवशावर? ज्याच्या मेच्या मोजणीवर तुम्हीच विश्वास ठेवला नाही, त्याच्या या कागदावर मी ठेवू?"

मॅ. माझ्याकडे पाहायचं टाळत म्हणाली, "त्या मोजणीत त्यांचा फायदा होता. यात नाही."

माझी बाजू घेतली असं नाही. दुसरं कोणतंही यंत्र सांगतं तसं तिनं सांगितलं. मला ती अजूनही आवडत नाही.

साहेबांनी कागद मला परत दिला. घरी ठेवा म्हणाले. मॅ.नं मोबाईलवर त्याचा फोटो आधीच काढला होता, तो तिथं बसल्या बसल्या भंडाऱ्याला मोठ्या साहेबांना पाठवला. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ती निघून गेली. मी राहिलो ऑफिसात, त्या सगळ्यांत.

१५ डिसें., सोम.

माझं टेबल खिडकीजवळून हलवून रेकॉर्ड रूमच्या दारात. कारण कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बाबू आता हसत नाही, बोलतच नाही. ते जास्त वाईट.

चौकात दोन टिप्परवाले उभे होते. एक मोठ्यानं म्हणाला, "हाच तो. पूल बंद कराले निंगाला." दुसरा थुंकला. अंगावर नाही, पण पायाजवळ.

गाड्या चालूच आहेत. आज सकाळी मोजल्या, कामाला जाण्याआधी तासभर. कोणी सांगितलं नव्हतं.

कुंदा अजून पायीच जाते. काल तिच्या टाचांना तेल चोळताना पाहिलं. म्हटलं, मोटारसायकलवर लांबून सोडून देतो. "नको," म्हणाली. थोड्या वेळानं, "बाकीच्या बाया बसमंदी जातेत. त्याईले काय सांगू मी? सांगू का?"

सांग म्हटलं.

"तुमीच सांगा."

१६ डिसें., मंगळ.

सांगितलं. बस थांब्यावर, सकाळी सव्वानऊला. अकरा बाया, मास्तर, दोन म्हातारे. म्हटलं, पुलाच्या गर्डरला भेग आहे, वरून जास्त वजन जाते, यंत्राचे आकडे माझ्यामुळे चुकले. मास्तर म्हणाला, मग बंद करा ना पूल, आम्हाला काहून सांगता? एक म्हातारी म्हणाली, याले कोणीतरी घरी नेऊन सोडा.

बस आली. सगळे चढले. मास्तर थोडा थांबला दारात, माझ्याकडे पाहिलं, मग तोही चढला.

१९ डिसें., शुक्र.

भंडाऱ्याहून पत्र. सोमवारी अकराला हजर राहावे. मी, साने मॅडम, आणि वाहनमालक श्री. पुरुषोत्तम बिसेन.

मॅ.चा फोन आला, कामापुरता. "सोमवारी दोघांचे जबाब वेगवेगळे घेणार आहेत. जुळले तर परत मोजायची परवानगी, आणि तोवर जड गाड्या बंद. नाही जुळले तर रिपोर्ट आहे तसाच राहील. तुमचे मित्र काय सांगतील?"

"नाही माहीत."

"बोलून बघा."

"तो दारात उभं करत नाही मले."

"बरं." ठेवला.

तरी गेलो. गाडी नव्हती दारात. बायको म्हणाली, मालासाठी गेले, कव्हा येतीन सांगता येत नाही. आत टीव्हीसमोर त्याच्या चपला दिसत होत्या.

२२ डिसें., सोम.

भंडारा. हे बाहेरच्या बाकावर बसूनच लिहितो आहे. हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून.

साडेदहाला पोचलो. मॅ. आधीच आलेली, व्हरांड्याच्या त्या टोकाला, लॅपटॉप मांडीवर. नमस्कार केला, तिनं मान हलवली. आमचे साहेब मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये आत-बाहेर करून राहिले, माझ्याकडे बघत नाहीत.

पावणेअकराला पुरु आला. इस्त्रीचा शर्ट, केस बसवलेले. बाक एकच आहे. दुसऱ्या टोकाला बसला, मधे दोन माणसांची जागा सोडून. मी म्हटलं, केव्हा निघाला? त्यानं कॉलर नीट केली. म्हटलं, बसनं आला का गाडीनं?

"पुलावरूनच आलो," म्हणाला. भिंतीकडे पाहून.

याचा अर्थ काय घ्यायचा ते कळलं नाही. टोमणा असेल. नसेलही.

मला वाटलं होतं आधी मला बोलावतील. अर्जदार मी. काय सांगायचं ते रस्ताभर पाठ करत आलो. पण शिपायानं दार उघडून पुरुषोत्तमचं नाव घेतलं.

तो उठला नाही लगेच. हाताचे तळवे पँटवर पुसले. मग माझ्या बाजूला ठेवलेली पाण्याची बाटली उचलली, न विचारता. निम्मी प्याला. झाकण लावलं, नीट घट्ट, आणि बाटली परत होती तिथंच ठेवली.

आत गेला. शिपायानं दार ओढून घेतलं.

वीस मिनिटं झाली.